लिनिएज टाकायच्या आधी एवढं बघ

अरे, लिनिएज म्हणजे लिनिएजओएस, फोनमधल्या कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी टाकायची अँड्रॉइडचीच दुसरी सिस्टिम. ती टाकायची तर आधी मॉडेलचं कोडनेम, म्हणजे फोनच्या त्या प्रकाराचं आतलं नाव, बघ. एकाच नावाच्या फोनचे दोन-तीन प्रकार निघतात आणि एकाची फाईल दुसऱ्याला चालत नाही. लिनिएजच्या यादीत तुझा फोन नसेल तर विषय तिथंच सोड.

बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टिम सुरू करणारा प्रोग्राम, अनलॉक केला की फोन पुसला जातो. गड्ड्याच्या जत्रेतले फोटो, व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, सगळं आधी कॉम्प्युटरवर घे. केबल डेटाची हवी; नव्या पेठेत स्वस्तात मिळणाऱ्या काही नुसत्या चार्जिंगच्या असतात. फोन जोडला गेलाय का बघायला कॉम्प्युटरच्या कमांड विंडोत 'फास्टबूट डिव्हायसेस' लिहिल्यावर खाली काहीच आलं नाही, तर आधी केबल बदल, मग ड्रायव्हर (कॉम्प्युटरला फोन ओळखता यावा म्हणून लागणारा प्रोग्राम) बघ. लॅपटॉपची बॅटरी भरलेली ठेव, आपल्याकडं लाईट कधी जाईल नेम नाही.

साइडलोड, म्हणजे कॉम्प्युटरवरून केबलनं फोनमध्ये सिस्टिमची फाईल टाकणं, कधीकधी ४७ टक्क्यांवर थांबतं. घाबरून केबल उपटू नकोस, फोनच्या स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाच. बऱ्याचदा काम झालेलं असतं. गुगलची अ‍ॅप्स हवी असतील तर पहिल्यांदा चालू करण्याआधीच टाक.

बँकेची काही अ‍ॅप्स नंतर रुसतात. म्हणून यूपीआयचा एकुलता एक फोन असेल तर त्यावर टाकू नकोस, असंच माझं मत. घरातला जुना घे. आणि बूटलोडर परत लॉक करायला जाऊ नकोस, फोन बंद पडू शकतो.