खेड्यात ओव्हन नाही. पाहुण्यांसाठी गरमागरम बेक केलेलं चीज घरीच कसं करावं?

ओव्हन नसला तरी काही अडत नाही. आमच्याकडे विदर्भात तालुक्याच्या गावात प्रोसेस्ड चीज आणि मोझरेला दोन्ही सहज मिळतात. फक्त पनीर घेऊ नका, ते कितीही तापवलं तरी वितळत नाही.

जुनी जाड कढई घ्या (नॉनस्टिक रिकामी तापवायची नसते). तळाशी मीठ पसरा, वर स्टँड, झाकण, आणि मध्यम आचेवर 10 मिनिटं तापू द्या. तोवर 100 ग्रॅम मोझरेला आणि 100 ग्रॅम प्रोसेस्ड चीज किसून दोन चमचे चक्का, ठेचलेला लसूण आणि भिवापुरी मिरचीची भरड त्यात मिसळा. मीठ घालूच नका, चीजमध्ये असतंच. नुसतं मोझरेला घेतलं तर निवल्यावर चिवट होतं. प्रोसेस्ड चीजमुळे मिश्रण एकजीव राहतं.

तूप लावलेल्या स्टीलच्या पसरट वाटीत हे भरून कढईत 12 ते 15 मिनिटं ठेवा. कडेला बुडबुडे आले की झालंच. वरून मात्र पांढरंच राहतं, कारण कढईत वरून आच नसते. चूल असेल तर लोखंडी झाकणावर निखारे ठेवा, पाचेक मिनिटांत लालसर डाग पडतात. दिसायला तेच छान!

सोबत ब्रेडपेक्षा तव्यावर कडक केलेले ज्वारीच्या भाकरीचे तुकडे भारी लागतात. पाहुणे बसल्यावरच कढई चढवा, आणि वाटी टेबलावर देताना खाली फळी ठेवा.