निम्म्याची रेघ

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या काउंटीत, बांधकाम परवाने देणाऱ्या विभागात रुजू होतोयस हे कळलं. पूर विमा, बांधकामाचे नियम आणि आपत्तीची मदत हे तीन विषय तू वेगवेगळे शिकला असशील. वादळ येऊन गेलं की तिन्ही एकाच दाराशी येऊन ठाकतात आणि दारात तू उभा असतोस.

नियम सोपा आहे. पूरक्षेत्रातल्या घराच्या दुरुस्तीचा खर्च त्याच्या नुकसानीआधीच्या बाजारमूल्याच्या निम्मा किंवा जास्त झाला, की ते आजच्या नियमांत बसवावं लागतं. बहुतेकदा याचा अर्थ घर वर उचलणं. खरी मेख अशी, की मूल्य फक्त इमारतीचं धरायचं, जमिनीचं नाही. किनाऱ्यावर भाव जमिनीला असतो, वरच्या जुन्या बैठ्या घराला नाही. मग फरशी, ड्रायवॉल, वायरिंग आणि स्वयंपाकघरातली कपाटं बदलता बदलताच रेघ ओलांडली जाते.

म्हणून अठ्ठेचाळीस टक्क्यांचं अंदाजपत्रक समोर आलं, की एकेक ओळ वाच. वायरिंग गाळलंय का? मेहुण्याची मजुरी फुकट दाखवलीय का? फुकटची मेहनतही बाजारभावानेच मोजायची असते. समोरचा माणूस लबाड असतोच असं नाही, बहुधा तो घाबरलेला असतो. त्याला त्याच बैठकीत सांग, की राष्ट्रीय पूर विमा योजनेची पॉलिसी असेल तर नियमपूर्तीसाठी 30,000 डॉलरपर्यंत मिळू शकतात. घर उचलायला ते क्वचितच पुरतात, पण अनेकांना ही तरतूदच ठाऊक नसते.

दयेपोटी डोळेझाक केलीस तर भुर्दंड सगळ्या गावाला बसतो. 2022 च्या इयान वादळानंतर विनापरवाना कामं आणि अपुऱ्या नोंदींवर बोट ठेवून फेमाने (अमेरिकी सरकारच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेने) 2024 मध्ये फ्लोरिडातल्याच ली काउंटीला आणि तिथल्या काही शहरांना रहिवाशांना पूर विम्याच्या हप्त्यात मिळणारी 25 टक्के सवलत काढून घेण्याची ताकीद दिली होती.

‘सरकार देईलच की’ हे तुला रोज ऐकावं लागेल. 2024 च्या आर्थिक वर्षात फेमाची घरासाठीची मदत जास्तीत जास्त 42,500 डॉलर होती, तीही राष्ट्राध्यक्षांनी आपत्ती जाहीर केली तर. पूर विम्यात घराच्या इमारतीला 2,50,000 डॉलरपर्यंत संरक्षण मिळतं आणि घोषणेची वाट पाहावी लागत नाही. मात्र नवी पॉलिसी सहसा 30 दिवसांनी लागू होते, त्यामुळे वादळाचं नाव बातम्यांत ऐकून धावण्यात अर्थ नाही.

पूर विम्याच्या दरांबद्दल माझं मत कडू आहे. 1968 पासूनच्या या योजनेत अनेक घरांचा हप्ता खऱ्या धोक्यापेक्षा कमी राहिला आणि 2017 मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकी संसदेला, तिचं 16 अब्ज डॉलरचं कर्ज माफ करावं लागलं. 2021 पासून लागू झालेले धोक्यानुसारचे दर मला योग्य वाटतात. तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्याला उघड अनुदान द्यावं, त्याच्यासाठी हप्ताच खोटा ठेवू नये. 1982 च्या कायद्याने काही किनारी बेटांवरच्या नव्या बांधकामांना सरकारी पूर विमाच नाकारला. बांधा, पण स्वतःच्या जोखमीवर! असा स्पष्ट नकार सरकार फारसा कधी देत नाही.

वादळांचा हंगाम 1 जूनला सुरू होतो. त्याआधी सखल भागातल्या घरांची मूल्यं आणि जोत्याच्या उंचीचे दाखले फायलीत आहेत का ते बघून ठेव. वादळानंतर आकड्यांवर वाद घालायला सगळे येतात, आधी कोणी फिरकत नाही.

कळावे.