लँडस्केप आर्किटेक्चरला आठ लाखाचं लोन काढायचं का?

"मॅडम, आठ लाखाचं लोन काढून पोट्टी झाडंच लावणार असंन तर काऊन शिकवाचं?" नागपुरातल्या नंदनवनहून आलेल्या एका बाबांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं. सोबत आई आणि बारावीची मुलगी. २०२५ चा मार्च होता. मी करिअरचा सल्ला देते, हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो म्हणून ही केस लिहिते आहे, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

मुलीला मी विचारलं की लँडस्केपच का. ती म्हणाली, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा मावशीच्या घरात पाणी घुसलं, आणि तेव्हापासून डोक्यात एकच बसलंय की पाणी जाणार कुठून हे आधी कोणी ठरवत नाही का. मी बाबांना म्हटलं, भाऊ, हेच ते काम. जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा, आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते तिचं काय करायचं, ४५ डिग्रीत माणसाला सावलीतून चालता येईल असा रस्ता कसा काढायचा. झाडं त्यात आहेतच, पण ती नंतर येतात. ज्याला झाडांचीच ओढ आहे त्याला मी सरळ महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयाचा चार वर्षांचा कोर्स सुचवते. हिची ओढ वेगळी होती.

आता पैशाचं. दुसऱ्या शहरातल्या एका खाजगी विद्यापीठाचं माहितीपत्रक त्यांनी आणलं होतं, बी.आर्क. ची, म्हणजे आर्किटेक्चरच्या पदवीची, फी वर्षाला १,६०,०००, पाच वर्षांचे ८ लाख, होस्टेल वेगळं. मी कागद घेतला आणि बाबांनाच पेन दिला. व्याज १० टक्के धरा, शिकताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही पण व्याज चढतंच राहतं, म्हणजे पहिल्या वर्षीच्या रकमेवर सहा वर्षं, दुसरीवर पाच, असं करत करत ३,२०,००० नुसतं व्याज. मिळून ११,२०,०००. ते दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता जवळपास १४,८००. मग मी त्यांना म्हटलं की आठवडाभरात इथल्या दोन-तीन आर्किटेक्ट ऑफिसमध्ये जाऊन नुकत्याच पास झालेल्याला काय देता ते विचारून या, मला विचारू नका. विचारून आले. एकाने १५, एकाने १८ हजार सांगितले. बाबा बराच वेळ त्या कागदाकडेच बघत होते.

मला मनापासून वाटतं की इथेच बहुतेक घरं चुकतात, म्हणजे करिअर चांगलं की वाईट यावर भांडतात आणि हप्ता आणि पहिला पगार शेजारी शेजारी लिहीतच नाहीत. पहिली काही वर्षं कमाई कमी असते हे सगळ्याच आर्किटेक्चरचं आहे, एकट्या लँडस्केपचं नाही. पुढे वाढते, पण स्वतःची प्रॅक्टिस असेल तर फी टप्प्याटप्प्याने आणि बरेचदा उशिरा येते, अशा वेळी डोक्यावर मोठा हप्ता असला की माणूस मिळेल ते काम घेतो.

दुसरी गोष्ट त्यांना माहीतच नव्हती. लँडस्केपचा निर्णय आत्ता घ्यायचाच नाहीये. आपल्याकडे नेहमीचा रस्ता म्हणजे आधी पाच वर्षं बी.आर्क., मग दोन वर्षांचं लँडस्केपचं मास्टर्स, दिल्ली-भोपाळच्या एसपीएमध्ये (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर), अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात, पुण्यात भानुबेन नानावटी कॉलेजमध्ये. बी.आर्क. झालं की कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचं रजिस्ट्रेशन मिळतं, उद्या मन बदललं तरी पोरगी आर्किटेक्ट आहेच. आणि लँडस्केप हा विषय बी.आर्क. मध्ये कुठेही शिकवतातच, त्यासाठी लांब जाऊन जास्त फी भरायची गरज नाही.

कुटुंब ओबीसी, उत्पन्न आठ लाखाच्या बरंच आत. २०२४-२५ पासून अशा मुलींना महाराष्ट्रात व्यावसायिक कोर्सची ट्युशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, खाजगी कॉलेजलाही, पण अ‍ॅडमिशन कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून पाहिजे, मॅनेजमेंट कोटा नाही आणि खाजगी विद्यापीठही नाही. म्हणजे त्यांच्या हातातलं ते माहितीपत्रक नेमकं सवलतीच्या बाहेरचं! आई पहिल्यांदा बोलली, "मंग आपण लोन कायले काढून राह्यलो?"

शेवटी ठरलं ते असं, की नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा द्यायची, जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर दिलाच होता तर इथल्याच व्हीएनआयटी या केंद्राच्या संस्थेची आशा ठेवायची, नाहीतर कॅपमधून नागपुरातलंच कॉलेज आणि घरी राहायचं. पास झाल्यावर दोन वर्षं ऑफिसात काम करून बघायचं, साइटवर उन्हात उभं राहायला आवडतंय का ते तिथेच कळतं. तोवर गेट ही मास्टर्सची प्रवेश परीक्षा द्यायची, कारण केंद्राच्या संस्थेत गेटवर मास्टर्सला जागा मिळाली तर महिना १२,४०० स्टायपेंड असतो आणि मास्टर्सचा बराचसा भार तिथेच हलका होतो. लोन लागलंच तर तेव्हा, लहान, आणि तिने स्वतः विचार करून.

मुलगी आता नागपुरातच बी.आर्क. ला आहे, कॅपमधून. परवा आईचा फोन होता, "मॅडम, फी नाही पण शीट, मॉडेलचं सामान, प्रिंट, लॅपटॉप, याचा खर्च तुम्ही सांगितलाच नव्हता." खरं आहे. त्या कागदावर ती ओळ नव्हती, आणि ज्या घरात महिन्याचा पैसा मोजून येतो तिथे ती पहिली यायला हवी होती. मी त्यांची माफी मागितली आणि आता आर्किटेक्चरचं विचारायला जो येईल त्याच्या कागदावर फीच्या आधी तीच ओळ लिहिते.