पेढे वाटले, मग कायदा गेला कुठे?

प्रश्न: 2010 साली मी आमच्या गावची उपसरपंच होते. मार्चमध्ये टीव्हीवर ‘महिला आरक्षण विधेयक मंजूर’ (लोकसभा-विधानसभांत बायकांना एक तृतीयांश जागा देणारं) अशी पट्टी दिसली आणि आमच्या बचत गटातल्या बायकांनी ग्रामपंचायतीसमोर पेढे वाटले. मग 2023 साली तेच विधेयक नव्याने आल्याची बातमी! एकदा मंजूर झालेलं पुन्हा कसं मंजूर करतात? आमचे पेढे फुकट गेले का? – एक वाचक भगिनी, जिल्हा सातारा

उत्तर: ताई, आधी एक कबुली. त्या दिवशी, 9 मार्चला, मी राज्यसभेच्या पत्रकार कक्षात होतो. आदल्या दिवशी सभागृहात विधेयकाच्या प्रती फाडल्या गेल्या होत्या. 9 मार्चला सात सदस्य निलंबित झाले, मार्शलनी काहींना अक्षरशः उचलून बाहेर नेलं. मग मतं मोजली गेली: बाजूने 186, विरोधात 1. मी धावत जाऊन फोनवर बातमी दिली आणि मथळाही मीच सुचवला, ‘महिला आरक्षणावर शिक्कामोर्तब’. शिक्का तेव्हा अर्धाच उमटला होता, हे मला ठाऊक होतं. पण अर्ध्या शिक्क्याचा मथळा होत नाही. तेव्हा तुमच्या पेढ्यांचं थोडं पाप माझ्याही माथी आहे.

संसद म्हणजे राष्ट्रपती, राज्यसभा आणि लोकसभा. विधेयकाला या तिन्ही दारांतून जावं लागतं. प्रत्येक सभागृहात त्याची तीन वाचनं होतात. नाव ‘वाचन’, पण मोठ्याने कुणी वाचत नाही! पहिल्यांदा विधेयक मांडतात, दुसऱ्यांदा त्यावर चर्चा होऊन एकेक खंड, म्हणजे कलम, मताला टाकतात, तिसऱ्यांदा अख्खं विधेयक मंजूर किंवा नामंजूर करतात. महिला आरक्षण म्हणजे घटनादुरुस्ती. तिथे साध्या बहुमताने भागत नाही. सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त मतं हवीत, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांतले दोन तृतीयांश बाजूने हवेत.

आता तुमच्या प्रश्नाचं मूळ. लोकसभा विसर्जित होते, राज्यसभा कधीच होत नाही. तिथले एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, एवढंच. म्हणून राज्यघटनेच्या 107व्या अनुच्छेदात नियम आहे: लोकसभेत पडून असलेलं विधेयक लोकसभेबरोबरच संपतं. राज्यसभेत पडून असलेलं, लोकसभेने अजून मंजूर न केलेलं विधेयक मात्र जिवंत राहतं. महिला आरक्षणाचं विधेयक 1996, 1998 आणि 1999 असं तीनदा लोकसभेत मांडलं गेलं आणि तीनदा लोकसभेबरोबर बुडालं. त्यावरून शहाणं होऊन 2008 साली सरकारने ते राज्यसभेत मांडलं. युक्ती फळली. 2009 साली लोकसभा बदलली, तरी विधेयक शाबूत राहिलं.

आणि मग 2010 साली राज्यसभेने ते मंजूर केलं. मंजूर झालं म्हणजे ते लोकसभेकडे गेलं, म्हणजेच सुरक्षित घरातून पुन्हा मोडक्या घरात. तिथे चार वर्षं ते मताला आलंच नाही. 2014 साली लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झालं, म्हणजे आपोआप संपलं. राज्यसभेत नुसतं पडून राहिलं असतं तर जगलं असतं. मंजूर झालं म्हणून गेलं! इतक्या वर्षांच्या दिल्लीत मी याहून विचित्र मरण पाहिलेलं नाही.

2023 साली म्हणूनच श्रीगणेशा करावा लागला. 20 सप्टेंबरला लोकसभेत 454 विरुद्ध 2, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत 214 विरुद्ध 0, आणि 28 सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती. विधेयक 128व्या दुरुस्तीचं होतं, कायदा मात्र 106व्या दुरुस्तीचा झाला. आकडे चुकलेले नाहीत बरं. वाटेत गळालेल्या विधेयकांचे क्रमांक वाया जातात, त्यामुळे ही तफावत.

पण थांबा, पेढ्यांची ऑर्डर देण्याआधी त्यातली अट वाचा. या दुरुस्तीनंतरच्या पहिल्या जनगणनेवरून मतदारसंघांची पुनर्रचना झाल्यावरच आरक्षण लागू व्हायचं, असं 2023च्या मजकुरात लिहिलेलं आहे. मंजूर होणं वेगळं, लागू होणं वेगळं. दिल्लीचा भाडे कायदा 1995 साली संसदेने मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली. अंमल सुरू करणारी अधिसूचना मात्र निघालीच नाही. म्हणून यापुढे बातमीत दोन गोष्टी शोधा: कुठल्या सभागृहात मंजूर झालं, आणि राजपत्रात अंमलाची तारीख आली का.

प्रश्न: लोकसभेत बाकं रिकामी, पाच-दहा जण ‘हो’ म्हणतात आणि कायदा मंजूर! ही कसली लोकशाही? – एक निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर: गुरुजी, पाच-दहा फारच कमी धरलेत. गणपूर्ती, म्हणजे कामकाजाला लागणारी किमान हजेरी, एक दशांश, म्हणजे लोकसभेत 55 सदस्य. अर्थात कुणी बोट दाखवलं नाही तर त्याहून कमी लोकांतही काम चालू राहतं, हे मी अनेकदा पाहिलंय. आवाजी मतदानावर मात्र माझा फारसा राग नाही. निकाल मान्य नसेल तर सदस्य मतविभाजन मागू शकतात; मग घंटा वाजते, दारं बंद होतात आणि हिरवं, लाल किंवा पिवळं बटण दाबून मतं नोंदवली जातात. पिवळं तटस्थांचं.

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. 1985च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. मग सभागृहातलं भाषण ऐकून मत कोण बदलणार? खरी चिरफाड समितीत होते. खात्यांशी संलग्न 24 स्थायी समित्या आहेत, प्रत्येकीत लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10 सदस्य. बंद दाराआड बसतात, कॅमेरा नाही, व्हिप नाही. तिथे एकमेकांवर ओरडणारे खासदार एकाच खंडावर डोकं लावून बसलेले असतात. विधेयक समितीकडे आलं की पुष्कळदा जाहिरात देऊन लोकांच्या लेखी सूचना मागवतात. तुम्हीही पाठवू शकता. पण प्रत्येक विधेयक समितीकडे पाठवलंच पाहिजे असं बंधन नाही. रिकाम्या बाकांपेक्षा ही पळवाट मला जास्त बोचते.

प्रश्न: दोन सभागृहांचं पटलं नाही तर? – एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर: राष्ट्रपती संयुक्त बैठक बोलावू शकतात. कायद्यासाठी ती आजवर तीनदाच झाली: 1961 साली हुंडाबंदीसाठी, 1978 साली बँकिंग सेवा आयोगाच्या विधेयकावर आणि 2002 साली ‘पोटा’ या दहशतवादविरोधी कायद्यासाठी. धन विधेयकाला, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकाला, तिची गरजच नाही, कारण तिथे राज्यसभेला फक्त 14 दिवस मिळतात आणि तिच्या शिफारशी मानणं लोकसभेवर बंधनकारक नसतं. घटनादुरुस्तीला हा मार्गच बंद आहे. म्हणजे वरच्या ताईंचं विधेयक चार वर्षं अडकलं, तेव्हा ही पळवाटही हाताशी नव्हती.