बाग विकावी, की आधी विद्यापीठ बदलावं?

गुहागर तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचं पत्र आलं आहे. त्यातला मुद्द्याचा भाग असा:

‘मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, वय ४७. हातात ६२ हजार येतात, घरखर्च जाऊन वीसेक हजार उरतात. यजमान बागायतदार. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर, सीजीपीए ८.१. सध्या लोट्याला एका कंपनीत ट्रेनी आहे आणि चिपळूणच्या आमच्या छोट्या फ्लॅटवर राहते. तिला जर्मनीत मास्टर्स करायचं आहे. एका कन्सल्टंटने बर्लिनच्या खाजगी विद्यापीठात एप्रिलचा प्रवेश मिळवून दिलाय. दोन वर्षांची फी २२ हजार युरो. जागा धरून ठेवायला पंधरा दिवसांत दोन लाख भरायचेत. शिवाय जर्मन सरकारकडे साडेबारा लाख भरावे लागतात म्हणे. आमच्या हापूसच्या ६० कलमांच्या तुकड्याला मुंबईचे एकजण २४ लाख देतायत, निम्मे रोख. बाकी ९ लाखांची एफडी आहे, १८ तोळे सोनं आहे. धाकटा दहावीला आहे. यजमान म्हणतात, बाग जाऊ दे पण डोक्यावर कर्ज नको. मला रात्री झोप लागत नाही. काय करू?’

ताई, तुमच्या पत्रातले दोन आकडे मी कागदावर शेजारी शेजारी लिहिले. हिशोबासाठी युरो १०५ रुपयांचा धरला, तर २२ हजार युरो म्हणजे २३ लाख १० हजार. बागेचे येणार २४ लाख. म्हणजे बाग मुलीच्या शिक्षणासाठी विकली जात नाहीये, ती त्या एका विद्यापीठाच्या फीसाठी विकली जातेय. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ही फी मुळात नसतेच. तुम्ही मला ‘बाग की कर्ज’ असं विचारलंत. त्याआधीचा प्रश्न ‘कुठलं विद्यापीठ’ हा आहे, आणि तो घरात अजून कुणी विचारलेला दिसत नाही.

सरकारी विद्यापीठात दर सहा महिन्यांना सेमिस्टरचं एक शुल्क असतं, साधारण १०० ते ३५० युरो. पुष्कळ ठिकाणी त्यात बस-ट्रेनचा पासही येतो. याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुहे या भागात, युरोपबाहेरच्या मुलांना २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून मास्टर्सला सेमिस्टरमागे चार ते सहा हजार युरो लावले आहेत. ही नावं मोठी आहेत, पण त्यांच्यावाचून अडत नाही. माग्डेबुर्ग, केम्निट्झ अशा पूर्वेकडच्या शहरांत घरभाडंही म्युनिकपेक्षा बरंच कमी आहे. तुमच्या लेकीचे ८.१ जर्मन पद्धतीत बदलले की साधारण दोनच्या आसपास येतात. तिथे १ म्हणजे उत्तम, आणि बरेच अभ्यासक्रम २.५ पर्यंतच्या मुलांचे अर्ज बघतात. एवढे गुण असलेल्या मुलीला खाजगी दारातून आत जायची गरज का पडावी? माझा अंदाज असा, की सरकारी विद्यापीठाचा अर्ज भरून देण्यात कन्सल्टंटला काही सुटत नाही, म्हणून तो पर्याय तुमच्यासमोर आलाच नाही.

आता त्या साडेबारा लाखांबद्दल. ते सरकारला भरायचे नसतात, ती फीदेखील नाही. त्याला ब्लॉक्ड अकाऊंट म्हणतात. मुलीच्याच नावाच्या खात्यात ११,९०४ युरो आधी ठेवायचे आणि तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो तिलाच परत मिळत जातात. घरभाडं, जेवण, आरोग्यविमा सगळं त्यातूनच भागवायचं. म्हणजे हे तिच्या पहिल्या वर्षाच्या राहण्याखाण्याचे पैसे, फक्त आगाऊ दाखवलेले. खर्च तो आहेच, नाही असं मी म्हणत नाही. पण तो एका वर्षाचाच आहे, आणि बँका शैक्षणिक कर्जात धरतात तो हाच.

सरकारी विद्यापीठाचा पूर्ण हिशोब मांडू. पहिल्या वर्षाचे साडेबारा लाख. दुसऱ्या वर्षी ती आठवड्याला दहा तास जरी काम करू लागली, तरी २०२६ पासूनच्या तासाला १३.९० युरो या किमान वेतनाने महिन्याला साडेपाचशे-सहाशे युरो सुटतात. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे, त्यामुळे हे नियमात बसतं. मग दुसऱ्या वर्षी घरून महिना साडेचारशे युरो, वर्षाचे पावणेसहा लाख. चार सेमिस्टरची शुल्कं सव्वा लाख. निघण्याआधीचा खर्च तीन लाख धरा: एपीएस प्रमाणपत्राचे (पदवीची कागदपत्रं खरी असल्याची जर्मनीची पडताळणी) १८ हजार, इंग्रजीची परीक्षा, जर्मनचे वर्ग, अर्जांची शुल्कं, ७५ युरो व्हिसाचे, विमान, थंडीचे कपडे आणि खोलीचं डिपॉझिट. डिपॉझिटला हात आखडता घेऊ नका, तिथे कायद्यानेच तीन महिन्यांच्या भाड्याइतकं घेता येतं. एकूण साडेबावीस लाख.

खाजगी विद्यापीठात हेच सगळं, फक्त सव्वा लाखाच्या जागी तेवीस लाख. एकूण सव्वाचव्वेचाळीस लाख. बागेचे २४ आणि एफडीतले ६ घातले तरी सव्वाचौदा लाख कमी पडतात. तुमच्या यजमानांना हे नक्की दाखवा. कर्ज टाळायला बाग विकायची, आणि बाग विकूनही जवळपास तेवढंच कर्ज काढायचं.

बागेबद्दल मी भावनेने बोलत नाहीये. माझे वडीलही कलमांतच वाढले, त्यामुळे मोहोर आला की घरात काय वातावरण असतं ते मला माहीत आहे. पण तुमचे आकडे थंड डोक्याने बघितले, तर त्या ६० कलमांतून फवारणी, राखणदार, गड्यांची मजुरी, पेट्या आणि वाशीपर्यंतचं भाडं वजा जाता सरासरी दीड लाख सुटत असावेत. २४ लाखांची एफडी केली तर व्याजही तेवढंच येईल. तेव्हा उत्पन्नाच्या दृष्टीने बाग काही सोन्याची खाण नाही. उद्या यजमानांना झेपेनासं झालं, धाकट्याला रस नसला, तर विकणं योग्यही ठरेल. फक्त तेव्हा ते पैसे कुठेतरी शिल्लक राहतील. आत्ता विकलीत तर दोन वर्षांत संपतील. हापूसचं कलम लावल्यावर हाती काही लागायला पाच-सहा वर्षं जातात आणि भरात यायला त्याहून जास्त. हातची लागती कलमं पंधरा दिवसांच्या मुदतीखाली सोडू नयेत.

त्या गिऱ्हाइकाबद्दलही थोडं सांगतो. जमीन-व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने बंद आहे. शिवाय रोखीतले १२ लाख तुम्ही जर्मनीला पाठवणार कसे? परदेशी जाणारा प्रत्येक रुपया बँकेतून, पॅनवर जातो. आणि महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला घेणारा स्वतः शेतकरी असावा लागतो. त्यांचा सातबारा कुठला आहे, हे विचारलंत का? इसार घेतला नसेल तर घेऊ नका.

मग साडेबावीस लाख आणायचे कुठून? उत्तर तुमच्या पत्रात सहज लिहून गेलेल्या एका ओळीत आहे: चिपळूणचा फ्लॅट. सरकारी बँका साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बहुधा तारण मागतात. बाग त्यासाठी चालत नाही, कारण शेतजमिनीवर बँकेला सरफेसी कायद्याने, म्हणजे कोर्टात न जाता तारण विकून, वसुली करता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला ती तारण घ्यायला बँका सहसा नाखूश असतात. त्यात आपल्याकडचे सातबारे सामायिक, निम्मे हिस्सेदार मुंबईला. फ्लॅटचं तसं नाही. खरेदीखत, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं पत्र आणि कर पावती असली की बँकेचा वकील मालकी तपासून सर्च रिपोर्ट देतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला बँक मजला कितवा आणि विमा आहे का हे विचारू शकते, तेव्हा विमा उतरवलेला नसेल तर या महिन्यातच उतरवा. तो कर्जाशिवायही हवाच.

मंजुरी १५ लाखांची घ्या. त्यातले साडेबारा ब्लॉक्ड अकाऊंटसाठी उचला, अडीच दुसऱ्या वर्षासाठी राहू द्या. एफडीतले तीन लाख तयारीला, तीन लाख दुसऱ्या वर्षाला. उरलेले तीन लाख अजिबात मोडायचे नाहीत. एखाद्या वर्षी अवकाळीने मोहोर करपला तर घर त्यावरच चालणार आहे. मुलगी निघेपर्यंत तुमच्या वीस हजारांतून दोन-सव्वादोन लाख जमतील, दुसऱ्या वर्षाची तूट त्यातून निघते. सोनं तसंच राहू द्या. बँकेचे पैसे सुटायला महिनाभर उशीर झाला, तर त्यावर तेवढ्यापुरतं कर्ज काढता येईल, एवढाच त्याचा उपयोग. तुमच्या एनपीएसला, म्हणजे पेन्शनच्या खात्याला, हात लावायचा विचारही करू नका. तुम्ही नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्या असाल, तर अठ्ठावन्नाव्या वर्षी तुमचा आधार तोच आहे. आणि धाकट्याला दोन-तीन वर्षांत पैसे लागणारच आहेत. त्याचा वाटा बहिणीच्या विमानात बसवून पाठवायचा नाही.

कर्जाला यजमान घाबरतात ते समजू शकतं. आपल्याकडे कर्ज म्हटलं की शेतीकर्जाच्या सोसायटीची थकबाकी आणि दारात आलेला वसुलीचा माणूस आठवतो. शैक्षणिक कर्जाला शिक्षण संपून साधारण वर्षभर होईपर्यंत हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. दहा टक्क्यांनी साडेबारा लाखांचं व्याज महिन्याला सव्वादहा-साडेदहा हजार. ते तुमच्या वीस हजारांतून दरमहा भरत जा. नाही भरलंत तर तीन वर्षांत पावणेचार लाख मुद्दलाला चिकटतील. असं भरणाऱ्यांना काही बँका व्याजात एक टक्का सूट देतात, ती लेखी मागून घ्या. कर्जदार म्हणून तुमचंही नाव लावा. तुम्ही जुन्या करप्रणालीत असाल तर भरलेल्या सगळ्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते. नव्या प्रणालीत ती नाही. कर्जाच्या पैशावर परदेशी पाठवताना टीसीएस (बँक आगाऊ कापून घेते तो कर) कापला जात नाही, हा आणखी एक फायदा.

पुढे हप्ता किती? १५ लाख, दहा वर्षं, दहा टक्के: महिना १९,८०० च्या आसपास. हा आकडा मी युरोच्या पगारावर तोलत नाही. मी विचारतो, ती दोन वर्षांनी परत आली आणि पुण्यात ४५ हजारांवर लागली, तर झेपेल का? ओढाताण होईल, पहिली दोन-तीन वर्षं तुम्ही थोडा हात द्याल, पण झेपेल. ही कसोटी मी प्रत्येक पालकाला लावायला सांगतो. राजापूरकडच्या एका कुटुंबाने ती लावली नव्हती. मुलाला तिकडे नोकरी लागायला चौदा महिने गेले आणि तेवढ्या काळात घरात कुणी एकमेकांशी नीट बोलत नव्हतं. तो मुलगा हुशार होता. फक्त कर्जाचा आकडा असा धरला होता, की एकही महिना वाया जाऊन चालणार नव्हतं.

तिकडे नोकरी मिळेलच, असं मी म्हणणार नाही. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. पण मुलगी मेकॅनिकलची आहे आणि जर्मन मोटारउद्योग सध्या कापाकापीत आहे. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करायचा करार केला. म्हणून अभ्यासक्रम निवडताना केवळ ‘ऑटोमोटिव्ह’ या नावावर जाऊ नये. लोट्याच्या कारखान्यात ती देखभालीचं काम करत असेल, तर प्रोसेस किंवा ऊर्जा-यंत्रणांकडे वळणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. आणि जर्मन भाषा. वर्ग इंग्रजीत असले तरी मुलाखत आणि कारखान्यातलं बोलणं जर्मनमध्ये होतं. बी-वन (मधली पातळी) होऊन निघालेली मुलगी आणि ए-वनवर (अगदी पहिल्या पातळीवर) निघालेली मुलगी यांच्यात पहिल्या अर्धवेळ कामापासूनच फरक पडतो. जर्मनच्या वर्गांचे पैसे वाचवू नका.

म्हणून एप्रिल सोडा, ऑक्टोबरचं धरा. एपीएस आधी करा, भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून ते सक्तीचं आहे आणि त्यावाचून पुढचं काही हलत नाही. गुणपत्रिका, पासपोर्ट आणि दहावीचा दाखला यांवर नावाचं स्पेलिंग एकच आहे का, हे आजच बघा. अर्जांच्या मुदती बहुधा मार्च ते १५ जुलैच्या दरम्यान असतात. युनि-असिस्ट या, अनेक विद्यापीठांचे अर्ज घेणाऱ्या जर्मन संस्थेमार्फत पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकाला ३० पडतात, तेव्हा सहा-सात विद्यापीठं ठेवायला हरकत नाही. जोडीला इरास्मुस मुंडुस या युरोपीय संघाच्या मास्टर्स शिष्यवृत्तीचे अर्जही भरायला सांगा. मिळाली तर फी नाही, वर दरमहा १,४०० युरो, मग कर्जाचा प्रश्नच मिटतो. हिशोबात मात्र ती धरू नका.

कन्सल्टंटला फोन करून एवढंच विचारा, की दोन लाख भरल्यावर व्हिसा नाकारला गेला तर किती परत मिळतात, आणि ते ईमेलवर लिहून मागा. पैसे तोवर भरू नका. शनिवारी चिपळूणला लेकीकडे जाल तेव्हा फ्लॅटचं मूळ खरेदीखत घरात आहे की बँकेच्या लॉकरमध्ये, ते शोधून ठेवा. बँकेत पहिल्या भेटीला तेच लागेल.