समन्स आलंय, सोनं गहाण ठेवू का सोयाबीन विकू?

औसा तालुक्यातल्या एका दादांचा प्रश्न आलाय. फायनान्स कंपनीचं ३ लाखाचं पर्सनल लोन, किराणा दुकान बंद पडलं, हप्ते थकले, आणि आता बेलिफ घरी येऊन सही घेऊन समन्स देऊन गेला. दावा २ लाख १२ हजाराचा, त्यात मुद्दल १ लाख ५८ हजार, बाकी व्याज-दंड. वसुलीवाला फोनवर म्हणतोय शनिवारपर्यंत पावणेदोन लाख टाका, केस मागे घेतो. घरात ३२ क्विंटल सोयाबीन भावाची वाट बघत पडलंय, व्यापारी ४,५०० सांगतोय. बायकोचं सोनं ठेवून एकदाचं मिटवून टाकू का, असं विचारतायत.

दादा, शनिवारी एक रुपया पण टाकू नका. त्या माणसाला केस मागे घ्यायचा अधिकार आहे का हेच माहीत नाही, पैसे गेले आणि कोर्टात दावा तसाच चालू राहिला तर पावती घेऊन कुठं फिरणार?

आधी ते कागद नीट वाचा. वर 'ऑर्डर ३७' किंवा समरी सूट (म्हणजे झटपट निकालाचा दावा) असं लिहिलंय का बघा, असेल तर समन्स मिळाल्यापासून १० दिवसात कोर्टात हजेरी लावावी लागते, नाही लावली तर कंपनीला थेट हुकूमनामा, म्हणजे वसुलीचा कोर्टाचा निकाल, मिळू शकतो. साधा दावा असेल तर लेखी म्हणण्याला ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९० पर्यंत. लोन घेताना कोरे चेक दिले असतील तर तेही वकिलाला सांगा, कारण चेक बाऊन्सची कलम १३८ ची केस फौजदारी असते, तिचं गणित वेगळं. आणि शेवटचा हप्ता कधी भरला ती तारीख पासबुकातून काढून ठेवा, दावा ३ वर्षांच्या मुदतीत आहे का ते त्यावरून बघतात.

"तारखेला गेलोच नाही तर काय करतील" असं गावात कुणीतरी सांगणारच. एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि तो १२ वर्षं वसुलीला चालतो. शेतकऱ्याचं राहतं घर, बैल, औजारं यांना कायद्याने जप्तीतून संरक्षण आहे, पण जमिनीला तसं नाही बरं का.

वकिलाची फी जड जात असेल तर कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्न न बघता वकील मिळतो, बाकीच्यांना वर्षाला ३ लाखाच्या आत उत्पन्न लागतं.

आता पैशाचं. पावणेदोन लाख सोन्यावर उचलले आणि व्याज १२ टक्के धरलं तर वर्षाला २१ हजार नुसतं व्याज, आणि थकलं की सोनं लिलावात. म्हणजे विनातारण कर्ज फेडायला तारण असलेलं कर्ज डोक्यावर घ्यायचं, हे मला अजिबात पटत नाही. सोयाबीनचे ४,५०० ने १ लाख ४४ हजार होतात. हमीभाव ५,३२८ होता हे मलाही माहितीय, मन होत नाही विकायला, पण भाव ३०० ने वाढला तरी हातात साडेनऊ हजार जास्त येणार, तेवढ्यासाठी कोर्टात हात रिकामे ठेवून बसू नका. म्हणून २५ क्विंटल विका, १ लाख १२ हजार येतील, उरलेलं ७ क्विंटल खरिपाच्या बियाणं-खताला राहू द्या, नाहीतर जूनमध्ये परत सावकाराच्या दारात.

ते १ लाख हातात धरून वकिलामार्फत लोकअदालतीत ऑफर द्या, मुद्दलाच्या आसपास, १ लाख आत्ता आणि बाकी ५० हजार ४-५ हप्त्यात. ते जास्त मागतील, मागू द्या, व्याज-दंडावरच घासाघीस असते. कोर्टात आत्ता येणारी रोख त्यांनाही हवीच असते, माझ्या बघण्यात कंपन्या बऱ्याचदा इथं नरम पडतात. एवढं लक्षात ठेवा, लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून हप्ता चुकला तर काय, ते सही करायच्या आधी वाचा. झेपणार नाही असा हप्ता कबूल करू नका. बाकी ५० हजार जमतच नाहीत असं झालं तर तेवढ्यापुरतं १ तोळं बँकेत ठेवा, सगळं सोनं नाही.

पैसे फक्त कंपनीच्या खात्यात, पावती घेऊन. पूर्ण फेड झाली की नो ड्यूज सर्टिफिकेट आणि कोरे चेक परत मागा. सिबिलवर 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता तडजोडीनं मिटवलं) असं पडेल, पुढं काही वर्षं बँका लोन देताना कुरकुर करतील, ते मान्य करूनच हे करायचंय. समन्सवर तारीख किती आहे ते मेसेजमध्ये लिहिलं नाही तुम्ही, ती आजच बघा आणि उद्या सकाळी कागद घेऊन औशाला जा.