डोळ्यांखालची सूज: क्रीम आणण्याआधी घड्याळ बघा

या महिन्यात वाचकांनी डोळ्यांखालच्या फुगवट्याबद्दल बरंच विचारलं आहे. बहुतेकांचा प्रश्न एकच: कोणतं क्रीम लावू? पण सूज सकाळी असते की दिवसभर, एका डोळ्याला की दोन्ही, खाज येते की नाही, हे फार थोड्यांनी लिहिलं. खरं उत्तर तिथेच दडलेलं असतं. कुठे पाणी साचलेलं असतं, कुठे चरबी पुढे आलेली असते, तर कुठे आजार शरीरात दुसरीकडेच असतो. तिघांवर एकच लेप चालत नाही.

सकाळी उठल्यावर डोळे सुजलेले असतात, दुपारी बारापर्यंत पूर्ववत होतात. वय ३४, बैठं काम, झोप सहा तास. झोप कमी पडते म्हणून होतं का? (पुणे)

झोपेचा वाटा असतो, पण मुख्य कारण आडवं पडणं. पापणीची कातडी साधारण अर्धा मिलिमीटर जाडीची, अंगावरची सगळ्यात पातळ. तिच्याखालचा थर सैल, पिंजलेल्या कापसासारखा. दिवसा उभं असताना जादा पाणी पायांकडे उतरतं. रात्री डोकं आणि पाय एका पातळीत आले की तेच पाणी चेहऱ्याकडे येतं आणि जिथे जागा सैल तिथे साचतं. उठून तास-दोन तास हिंडलं-फिरलं की निचरा होतो. तुमची सूज दुपारपर्यंत उतरते, म्हणजे हे बहुधा पाणीच आहे.

आता रात्रीच्या जेवणाकडे वळू. दिवसाचं मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, म्हणजे सपाट चमचाभराहूनही थोडं कमी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. यात भाजी-आमटीतलं मीठ तर आलंच, शिवाय लोणचं, पापड, फरसाण, पावातलं आणि सॉसमधलंही आलं. पाकिटावर ‘सोडियम’ लिहिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं. नूडल्सच्या पाकिटावर ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर २ ग्रॅम मीठ झालं, तेही रात्री साडेदहाला. उपवासाच्या दिवशी वेफर्स आणि तळलेला चिवडा खाऊन दुसऱ्या दिवशी डोळे जड होतात, तेही याच हिशेबाने. रात्री घेतलेल्या दारूनेही सकाळचा फुगवटा वाढतो.

आठवडाभर एवढं करून बघा. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, त्यात पापड-लोणचं नाही. पालथं झोपू नका. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली १५ सेंटिमीटर उंचीचे ठोकळे द्या. एकावर एक दोन उशा घेऊ नका, त्याने मान मुडपते. झोप सात तासांवर न्या.

सकाळी थंड शेक द्या. सुती रुमाल फ्रिजच्या पाण्यात भिजवा, घट्ट पिळा, चौपदरी घडी मिटल्या डोळ्यांवर ठेवा. पाच मिनिटांनी पुन्हा भिजवून आणखी पाच मिनिटं. थंडाव्याने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि पाणी झिरपणं कमी होतं. बर्फाचा खडा थेट फिरवू नका, एवढी पातळ कातडी बर्फानेही भाजते. स्टीलचा चमचा वापरायचा तर तो फ्रीजरमधला नको, खालच्या कप्प्यातला हवा. जोराने चोळू नका. चोळल्याने सूज तर वाढतेच, कातडीही काळवंडते.

वय ४७. डोळ्यांखाली पिशव्या पाच वर्षांपासून आहेत, सकाळ-संध्याकाळ सारख्याच. वडिलांनाही होत्या. तीन महागडी क्रीमं झाली, काही उपयोग नाही. (कोल्हापूर)

उपयोग होणारही नव्हता. डोळ्याच्या खोबणीत डोळ्याच्या गोळ्याला आधार म्हणून चरबीच्या गाद्या असतात. त्यांना मागे थोपवून धरणारा पातळ पडदा वयाबरोबर सैल पडतो, काही घराण्यांत तो लवकर सैल पडतो, आणि चरबी पुढे डोकावते.

खात्री करायची तर खिडकीसमोर आरसा धरा. मान न हलवता नजर छताकडे न्या, मग जमिनीकडे. वर पाहताना फुगवटा ठळक आणि खाली पाहताना सपाट होत असेल तर ती चरबी. पाण्याची सूज नजरेबरोबर फारशी बदलत नाही. सोबत तीन दिवस सकाळी सात, दुपारी एक आणि रात्री आठ वाजता त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. तिन्ही वेळा सारखेच दिसले तर मीठ कमी करून पिशवी जाणार नाही.

कॅफिनचं क्रीम पाण्याची सूज काही तास उतरवू शकतं. रेटिनॉलने (‘अ’ जीवनसत्त्वाचं एक रूप) काही महिन्यांनंतर कातडी थोडी घट्ट होते. दोन्ही चरबीपर्यंत पोहोचत नाहीत. पिशवी खरोखर खुपत असेल तर उपाय शस्त्रक्रियेचा. खालच्या पापणीच्या आतून छेद घेऊन चरबी काढतात किंवा खालच्या खळग्यात सरकवतात, बाहेर टाका दिसत नाही. काळंनिळंपण आणि सूज एक ते दोन आठवडे राहते. आधी डॉक्टर पापणी बोटाने हलकेच खाली ओढून सोडून बघतात. ती चटकन जागेवर बसली नाही, तर पापणी सैल आहे. मग नुसती चरबी काढली की पापणी बाहेर उलटायची भीती असते, तिला आधारही द्यावा लागतो. डोळे कोरडे पडत असतील किंवा रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका.

पार्लरमध्ये किंवा ओळखीने कुणी ‘फिलर’ (कातडीखाली भरायचं जेल) टोचून देतो म्हणालं तर नको म्हणा. फिलर खोल खळग्यासाठी आहे, फुगवट्यासाठी नाही. तो स्वतः पाणी ओढतो, त्यामुळे पिशवी उलट वाढू शकते. क्वचित तो रक्तवाहिनीत शिरून दृष्टी गेल्याच्या घटनाही वैद्यकीय नोंदींत आहेत. हे काम प्रशिक्षित डॉक्टरचंच.

मुलगा पाच वर्षांचा. आठ दिवसांपासून सकाळी दोन्ही डोळे सुजतात, संध्याकाळी कमी. ॲलर्जी समजून डोळ्यांत थेंब घातले, फरक नाही. खाज नाही, डोळे लाल नाहीत. दोन दिवसांपासून चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ पोटावर राहतो. (लातूर)

हे उत्तर वाचून उद्याच सकाळी लघवी तपासा, पुढच्या आठवड्यावर टाकू नका.

ॲलर्जीत खाज असते, मूल सतत डोळे चोळतं. तुमच्या मुलाला खाज नाही, सूज दोन्हीकडे सारखी आहे आणि इलॅस्टिकचा वळ उठतोय, म्हणजे पाणी अंगभर साचतंय. या वयात पहिली शंका मूत्रपिंडाच्या ‘नेफ्रॉटिक सिंड्रोम’ची घ्यायची असते. हा आजार बहुतेक दोन ते सहा वर्षांच्या मुलांत सुरू होतो आणि मुलग्यांत मुलींपेक्षा जास्त दिसतो. मूत्रपिंडाची चाळणी सैल होते आणि रक्तातलं अल्ब्युमिन लघवीवाटे निघून जातं. रक्तवाहिन्यांत पाणी धरून ठेवणारं मुख्य प्रथिन तेच. ते कमी झालं की पाणी बाहेर झिरपतं. सकाळी डोळ्यांभोवती, दिवसा पायांवर, पुढे पोटात आणि मुलग्यांत वृषणांच्या पिशवीतही. डोळ्यांची सूज पहिली दिसते म्हणून ती ॲलर्जीच्या नावावर खपते आणि दिवस वाया जातात.

घरी एवढं बघा. सकाळची पहिली लघवी स्टीलच्या पेल्यात घ्या. वरचा फेस पाच मिनिटांनीही बसला नाही तर शंका वाढते. फेस नसला तरी तपासणी करायचीच. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून उचला, खळगा राहतो का पाहा. लघवी कमी किंवा चहाच्या रंगाची होत असेल तर तेही लिहून ठेवा. लघवीची प्रथिनांची तपासणी साधी आणि स्वस्त आहे, सरकारी रुग्णालयातही होते. लघवीत बुडवायच्या पट्टीवर तीन किंवा चार अधिक (+) आले तर रक्तातलं अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) आणि रक्तदाब त्याच दिवशी बघून घ्या.

निदान ठरलं तरी खचू नका. या वयातली बहुतेक मुलं प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडला चांगला प्रतिसाद देतात, आणि लघवीतलं प्रथिन सहसा चार आठवड्यांत थांबतं. पहिल्या खेपेला औषध साधारण बारा आठवडे चालतं: सहा आठवडे रोज, पुढचे सहा एक दिवसाआड कमी मात्रेत. खरी चूक मध्येच होते. दहा दिवसांत चेहरा उतरतो, स्टेरॉइडची धास्ती असते, म्हणून घरचे गोळी बंद करतात. अचानक बंद केल्याने आजार उलटतो आणि शरीराची स्वतःची स्टेरॉइड तयार करण्याची क्षमता दबलेली असल्याने जिवाला धोकाही होऊ शकतो. औषध फक्त डॉक्टरांनी सांगितल्या दिवशी, सांगितल्या पद्धतीने कमी करा.

हा आजार पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो, बरेचदा सर्दी-तापानंतर. म्हणून पालकांना घरीच पट्टीने सकाळची लघवी बघून वहीत लिहायला शिकवतात. सलग तीन दिवस तीन अधिक आले की आजार परतला, सूज यायची वाट बघायची नाही. सूज असेपर्यंत मीठ कमी. प्रथिनं वयाच्या मानाने नेहमीचीच, दुधात पावडरी घालून ढीगभर देऊ नका. ताप आला किंवा पोट दुखायला लागलं तर त्याच दिवशी दाखवा, अशा मुलांना पोटात जंतुसंसर्ग चटकन होतो.

केसांना काळा रंग लावला, दुसऱ्या दिवशी डोक्याला काही नाही पण पापण्या फुगल्या, आग आणि खाज. (नागपूर)

केसांच्या बहुतेक काळ्या रंगांत पीपीडी नावाचं रसायन असतं. तथाकथित काळ्या मेंदीतही बरेचदा तेच मिसळलेलं असतं. डोक्याची कातडी जाड म्हणून सोसते, पापणी पातळ म्हणून तिथे आधी उमटतं. परिणाम एक ते तीन दिवसांनी दिसतो, त्यामुळे रंगावर कुणाचा संशय जात नाही. नेलपॉलिशचंही असंच आहे, हात डोळ्याला लागतो आणि पापणी सुजते.

केस सौम्य शॅम्पूने दोनदा भरपूर पाण्याने धुवा, थंड ओला रुमाल ठेवा, आठ दिवस काजळ आणि क्रीम पूर्ण बंद. खाजेची गोळी डॉक्टरांना विचारून घ्या, काही गोळ्यांनी झोप येते, तेव्हा गाडी चालवू नका. आणि कळकळीने सांगतो, दुकानातून खाज-गजकर्णाची ट्यूब आणून पापणीवर लावू नका. तिच्यात बहुधा जोरदार स्टेरॉइड असतं. ते आठवडेच्या आठवडे लावलं तर कातडी झिजते, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. एकदा पीपीडीची ॲलर्जी झाली की ती सहसा आयुष्यभर राहते, पुन्हा तो रंग लावायचा नाही.

बटाट्याचा रस, काकडी, चहाच्या पिशव्या, लिंबू यांतलं काय चालतं? आणि चार लिटर पाणी प्यायलं तर सूज जाते का? (रत्नागिरी)

काकडी आणि थंड चहापिशवी चालते. काम थंडावा करतो, ओला रुमालही तेवढंच करेल. चहापिशवी उकळून, पिळून, फ्रिजमध्ये वीस मिनिटं गार करा. बटाट्याच्या रसाने काही साधत नाही. लिंबू अजिबात नको, आग होते आणि उन्हात गेलात तर काळे डाग पडतात. पाणी तहानेप्रमाणे प्या. चार लिटर प्यायल्याने साचलेलं पाणी निघून जात नाही. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर ते धोक्याचं आहे.

वय ५२. चेहरा आणि डोळे दिवसभर फुगलेले, थंडी सोसत नाही, केस गळतात, बद्धकोष्ठ. रक्तदाबाची गोळी चालू आहे. (सोलापूर)

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. थायरॉइड मंदावल्यावर कातडीखाली पाणी धरणारा चिकट पदार्थ साचतो, म्हणून बोटाने दाबलं तरी खळगा पडत नाही. निदान झालं तर थायरॉइडची गोळी सकाळी रिकाम्या पोटी, चहाच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी तिच्यापासून चार तास लांब. सूज उतरायला काही आठवडे ते महिने जातात.

रक्तदाबाच्या गोळीचं नाव वाचा. रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल घेणाऱ्यांना क्वचित ओठ, जीभ, पापण्या अचानक फुगतात. आवाज बसला किंवा गिळायला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा. गुडघेदुखीच्या गोळ्यांनीही मीठ-पाणी अंगात साठतं. पोटॅशियमचं ‘कमी सोडियम’ मीठ मात्र या गोळ्या घेणाऱ्यांनी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय सुरू करू नये. घरात कुणी पाच महिन्यांहून पुढची गरोदर असेल, चेहरा अचानक सुजला, डोकं दुखतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, तर त्याच तासाला रक्तदाब मोजून घ्या. १४०/९० किंवा त्याहून वर असेल तर घरी थांबू नका.

एकच डोळा सुजला आहे. शेकू की बर्फ लावू? (ठाणे)

पापणीच्या काठावर दुखरी पुळी असेल तर रांजणवाडी. तिला गरम शेक: कोमट ओला रुमाल, दहा मिनिटं, दिवसातून चार वेळा. फोडू नका, सोन्याची अंगठी घासू नका. पण पापणी लाल, गरम आणि ताप असेल, डोळा फिरवताना दुखत असेल, एकाचं दोन दिसत असेल किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटत असेल, तर जंतुसंसर्ग खोबणीत शिरला असण्याची शक्यता आहे. मग शेकही नाही, बर्फही नाही. रात्र असली तरी नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात जा.